एकमजली घर

— नाही नाही, तिथे नका बसू, मोजणीदार, ते जीन अजून ओलं आहे, सकाळीच तेल चोपडलंय त्याला, कपड्यांना लागलं तर जन्मात निघायचं नाही — ही तिवई घ्या. डगमगते, पण पाडत नाही. सासरे म्हणतात, जीनगराच्या घरात बसायच्या वस्तू चिक्कार, फक्त त्या सगळ्या घोड्यावर ठेवून बसायच्या. दार उघडंच राहू द्या हं. घरात मी एकटी आहे आणि समोरच्या मेणबत्तीवाल्या आजी काही खिडकीतून हलायच्या नाहीत, तेव्हा आपण दोघं त्यांना नीट दिसलेलो बरे. सासरे आणि हे पागेत गेलेत, जीन पोचवायला. सासूबाई नणंदेकडे, तिचे दिवस भरलेत. आमचं घर एकमजली आहे. — हो, तुम्ही विचारलं नव्हतंत, खरं आहे. सासूबाईंनी काल चार वेळा घोकून घेतलं माझ्याकडून: मोजणीदार आले आणि त्यांनी विचारलं, तरच एवढं एक वाक्य सांगायचं, आणि पाणी द्यायचं. दोनच कामं. त्यातलं एक मी न विचारता करून बसले. घ्या, पाणी घ्या, म्हणजे दुसरंही झालं.

तुमचंही चुकलंच जरा. काल सकाळी दारावर खडूची खूण केलीत आणि आज हजर! सासरे म्हणाले होते, खूण झाली की आठ दिवस तरी कुणी फिरकत नाही, सरकारी काम आहे. आठ दिवसांत आम्ही — काही नाही. झाडलोट केली असती. तुम्हाला वाटेल ही बाई किती बोलते. अहो, या गल्लीत कुणालाही विचारा — जीनगराची नवी सून मुकी आहे का, अशी चौकशी झालीय माझी. चार महिने झाले लग्नाला, एवढ्या दिवसांत मिळून मी आजच्याइतकी बोलले नसेन. पण घाबरले की माझं असं होतं. लहानपणी ताप चढला की बडबडायचे, आई म्हणायची, हिला गप्प झोपलेली बघितलं की समजावं, बरी आहे. — म्हणजे आत्ता घाबरायचं काही कारण आहे असं नाही हं.

मी जुन्या राजधानीतली. तुम्ही कधी गेलायत तिकडे? नाही? सगळी घरं उंच, उतरंडीसारखी एकावर एक रचलेली. आमचं पाच मजली होतं, म्हणजे अजून आहे. खाली बाबांचं पुस्तकं बांधायचं दुकान, दरबारच्या दप्तराच्या वह्या तेच बांधायचे. त्यावर आम्ही, त्यावर काका, त्यावर आत्या, आणि सगळ्यात वर कबुतरं. रस्ता इतका अरुंद की आत्या खिडकीतून हात लांब करून समोरच्या घरातून मीठ घ्यायची. आणि राजा त्याच रस्त्याने जायचा. दुसरा रस्ताच नव्हता त्याला! एकदा आत्याने चौथ्या मजल्यावरून भांडी विसळलेलं पाणी भिरकावलं, ते नेमकं भालेवाल्यांवर. झालं. दुसऱ्या दिवशी हुकूम — बाईने डोक्यावर बादली घेऊन चौकात घटकाभर उभं राहायचं. उभी राहिली. आणि सगळी गल्ली तिच्या सोबतीला जाऊन उभी राहिली, मीही होते, सहा वर्षांची, आजोबांच्या खांद्यावर. भालेवाले पण हसत होते. संध्याकाळी सगळे घरी, बादली जागेवर, विषय संपला. म्हणजे तिथे राज्य दिसायचं, काय सांगू तुम्हाला — ढोल, भाले, फटके, कधी कधी त्याहून वाईटही, आई माझे डोळे झाकायची. पण ते सगळं रस्त्यावर. दार लावलं की ते बाहेर आणि आपण आत.

मी आठ वर्षांची असताना दरबार तिथून उठला आणि इथे आला. का आला हे मला अजून कळलेलं नाही, बाबांनाही नाही. बाबा म्हणतात, राजाला अरुंद रस्त्याचा कंटाळा आला असेल. वह्या गेल्या, वह्यांच्या मागे कारकून गेले, कारकुनांच्या मागे न्हावी, शिंपी, खाणावळवाले. इकडे माझे सासरे घोड्यांच्या मागून आले — ते तसंच सांगतात, घोडे जिकडे तिकडे आम्ही. आणि तिकडे आता काय आहे? आमच्या पाच मजल्यांत तीन माणसं. आत्याला कुणी मीठ द्यायला समोर राहिलेलं नाही. तिथे खोल्या आहेत आणि माणसं नाहीत, इथे माणसं आहेत आणि खोल्या नाहीत — म्हणजे आहेत त्याही नाहीत म्हणायच्या — म्हणजे असं, की कमी आहेत. कमी पडतात. असं म्हणायचं होतं मला.

साडेअकरा झाले का हो? आत्ता वाजले ते साडेअकराच ना? बरं. काही नाही, असंच.

इथे आले तेव्हा पहिले आठ दिवस मी नुसती बघत होते. रस्ते कसे दोरी लावून आखलेले! कुठे बोळ नाही, कुठे वळण नाही. आणि दोन्ही बाजूंना घरं बुटकी, सगळी बुटकी. एवढी मोठी राजधानी, मी म्हटलं, माणसं काय वाकून चालतात का? मग यांनी सांगितलं. घराला वरचा मजला असला की त्यातला अर्धा दरबारच्या माणसाचा. मुक्कामी म्हणून येतो आणि राहतो, जन्मभर. तुम्हाला मी हे सांगायला नको, तुमचंच खातं आहे. पण तुम्ही मोजून निघून जाता हो, पुढचं कुठे बघता? पलीकडच्या पाववाल्याकडे दरबारचे पिपाणीवाले आहेत, सात वर्षं. पहाटे रियाज करतात. पाववाल्याच्या धाकट्याला दुसरं काही बोलता यायच्या आधी पिपाणीचा आवाज काढता येत होता. कोपऱ्यावरच्या विधवा बाईंकडे दप्तरातले एक उपकारकून आहेत, ते जेवायला पंगतीत मधोमध बसतात आणि कोण काय बोललं हे टिपून ठेवतात, म्हणून त्या घरात आता जेवताना फक्त हवापाण्यावर बोलतात. हवासुद्धा जपून. तेव्हा मला कळलं, चार महिन्यांत मला या शहरात एक भाला का दिसला नाही. इथे राज्य रस्त्यावर उभं राहत नाही. ते वरच्या मजल्यावर राहतं आणि वाढायला उशीर का झाला म्हणून विचारतं. म्हणून लोक बिचारे घरं बुटकी बांधतात. निदान पुढून —

निदान पुढून बघणाऱ्याला तसं वाटतं, कारण — छप्पर उतरतं आहे. मागे. पावसाचं पाणी वाहून जायला. तुम्ही छताकडे काय बघता, ती जाळी काल काढायची राहिली.

तुमच्या कोपरावर ठिगळ आहे ना, ते घरच्या माणसाने नाही लावलेलं. रागावू नका. घरची बाई धागा रंगाला रंग जुळवून घेते, हा पांढरा आहे आणि टाके लांब लांब, म्हणजे कुणीतरी कर्तव्य म्हणून उरकलंय. तुम्हीसुद्धा कुणाकडे तरी मुक्कामी आहात. हो ना? — वाटलंच मला. मग तुम्हीही अनवाणी चालत असाल, खालच्यांना आवाज जाऊ नये म्हणून. मला आता इतकी सवय झालीय की विहिरीवर सुद्धा मी चवड्यांवर जाते, बायका हसतात. बोलायचं ते कानात. लग्नानंतर पहिला महिना मी यांचा खरा आवाज ऐकलाच नव्हता, खाली सासऱ्यांपुढे हे बोलत नाहीत आणि वर नुसती कुजबुज, मग एक दिवस यांनी रस्त्यात घोड्याला हाक मारली आणि मी दचकले, म्हटलं हा कोण परका बाप्या! हसू आलं तर उशीत तोंड खुपसायचं. दिवसा खिडकी उघडायची नाही, आणि तीच वेळ छान असते, राजवाड्याच्या घड्याळाचा अर्धा चेहरा दिसतो तिथून, सहा ते बारा, उरलेला मनोऱ्यामागे —

विहिरीच्या कठड्यावरून. तिथून दिसतो. कठडा उंच आहे.

— जाऊ दे. तुम्ही काही बोलत नाही आणि मी आपली भोक पडलेल्या पखालीसारखी. ऐका आता, हात जोडून सांगते. ती एकच खोली आहे. कपाटाएवढी. तिथे मुक्कामी आला तर आम्ही दोघं कुठे झोपणार, या जिनं ठेवायच्या लाकडी घोडीवर? सासरे-सासूबाई मागच्या खोलीत, इथे दुकान, स्वयंपाकघरात दोन माणसं आडवी होत नाहीत. सासऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी ती स्वतः बांधली, रात्रंदिवस खपून, मुलाचं लग्न होईल तेव्हा लागेल म्हणून. मुलगा तेव्हा चौदाचा! दहा वर्षं कुणाला पत्ता नाही. आणि नेमका आता —

सासरे म्हणतात, हे लोहाराचं काम. शेजारचे लोहारकाका. दहा वर्षं दोघं एका बाकावर बसून उन्हं खात आलेत, एकमेकांना शिव्या देत, तू गाढवांना नाल मार, तू गाढवांना जीन शिव. काल तुमची खूण बघितली आणि सासरे म्हणाले, त्याच्याशिवाय कुणाला माहीत होतं? वरच्या खिडकीचा कोयंडा त्यानेच करून दिला होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला, म्हणाले. काकू सकाळी वाटी परत द्यायला आल्या तर सासूबाईंनी वाटी दारातच घेतली आणि दार लावलं. काकू तशाच उभ्या. मी इथून फटीतून बघत होते. मी या घरात आले त्या दिवशी, मला रडू आलं होतं तेव्हा, त्यांनीच मला भट्टीपाशी बसवलं आणि म्हणाल्या, इथे बसून रड, ठोकाठोकीत कुणाला ऐकू येत नाही. जुन्या गल्लीतसुद्धा असं कुणी बोललं नसतं. तिथे आम्ही राजाला भ्यायचो हो, शेजाऱ्याला नाही. — पागेत नाही गेलेत सासरे. अर्ज घेऊन गेलेत. कोतवालीत. लोहाराविरुद्ध. बाराची घंटा झाली की तिथली खिडकी उघडते म्हणे, आणि रांगेत उभं राहायला यांना बरोबर नेलंय. कशाबद्दल अर्ज ते मला नाही माहीत.

ते काय आहे, गुंडाळी? आल्यापासून मांडीवर धरून बसलायत. बघू? — अगं बाई! हे आपलं शहर आहे? हे सगळं? कुठून काढलं? — मनोऱ्यावरून. म्हणजे मनोरा घंटेसाठी नव्हताच. आमच्याकडे आम्ही वर असायचो आणि राजा खालून जायचा, आणि इथे — थांबा, बोट ठेवू का? ही विहीर. हा पाववाला, ही त्याची भट्टी. किती बारीक काम आहे, बाबांना दाखवायला हवं, कौलं अन् कौलं मोजता येतील. हे आमचं छप्पर. पुढून बसकं आणि मागे हे — हो. दिसतंय. खिडकीसकट दिसतंय. आणि हे शेजारी काय काळं काळं फासलंय? धूर! लोहारकाकांचा धूर! त्यांची भट्टी दिवसभर चालू, म्हणून तुमच्या चितार्‍याला तिथे नुसता धूर दिसला, आणि म्हणूनच वरचा माळा —

— मी काय म्हणाले?

मी काही म्हणाले नाही. माळा नाही तो, कोळशाची फळी आहे. मोजणीदार, तिथे काकूंची आई झोपलेली असते, दोन वर्षं अंथरुणाला खिळून, तिला खाली आणलं तर ठेवायला जागा नाही, भट्टीशेजारी ठेवायची का म्हातारीला? तुम्ही ऐकलं नाही हे. लेखणी कानावरच राहू द्या. राहू द्या कानावर. मला एक वाक्य दिलं होतं बोलायला, एकच, आणि मी एका बैठकीत दोन घरं —

पण मग त्यांनी सांगितलं नाही. सांगितलंच नाही ना कुणी? धुराखाली स्वतःचंच लपवून बसलेला माणूस दुसऱ्याचं कशाला सांगेल, मनोऱ्याकडे कशाला बोट दाखवेल? आणि मनोरा तर दोन वर्षं उभा आहे. मग आम्हीच कसे आत्ता सापडलो? इतक्या छपरांत आमच्यावरच ही लाल फुली का? — काय दाखवताय? हे? हा पांढरा ठिपका? नाही, ठिपका नाही, चौकोन आहे. खिडकीखाली. कडेला रेघा काढल्यात बारीक, किनार काढावी तशा —

ही चादर आहे.

ही माझी चादर आहे. आईने दिलेली. पंधरा दिवसांपूर्वी, ऊन फार छान पडलं होतं, खाली कुणी नव्हतं, आणि मी — आमच्याकडे सगळेच घालतात हो वर वाळत! चौथ्या मजल्यावर, पाचव्यावर, सगळा रस्ता चादरींनी भरलेला असायचा, राजा खालून गेला तरी कुणी काढायचं नाही. इथे वर काही नसतंच, तर वर काही वाळत कसं असेल, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. अर्धा तास ठेवली असेल. तेवढ्यात तुमच्या माणसाने किनारसुद्धा काढली. — आणि घरात सगळे लोहाराला शिव्या देतायत, आणि मी इथे उभी राहून त्या ऐकल्या. काल जेवताना सासऱ्यांनी मला विचारलं, सूनबाई, तुला काय वाटतं, कुणी सांगितलं असेल? मी म्हटलं, मला काय कळतं. त्यांना ते आवडलं. शहाणी पोर, म्हणाले.

बाराला किती आहेत? आत्ता वाजले ते किती? पावणेबारा? पावणेबारा वाजले. म्हणजे पाव तास.

आणि तुमच्या वहीत एकदा चढलं की उतरत नाही, ना? बाबा तेच सांगायचे, अशी शिवण घालतो की पान फाडलं तर सगळी वही सुटते, म्हणून कुणी पान फाडत नाही. मोठ्या अभिमानाने सांगायचे. अर्ज आत गेला की लोहारकाकांच्या दारावर उद्या खूण, आणि म्हातारीच्या अंथरुणाशेजारी कुणी पिपाणीवाला. आणि संध्याकाळी सासरे बाकावर एकटेच बसणार. — मी सांगायला हवं त्यांना. चारचौघांत, रांगेत, की चादर माझी होती. यांच्यासमोर. सासूबाई माझं काय करतील ते — करू देत. बादली घेऊन उभं करतील. तिथे सोबतीला गल्ली होती, इथे कुणी यायचं नाही, त्याला काय इलाज.

उठा. नाही, तुम्ही बसा, मी उठते. हे कपाट बघा — हे लगाम बाजूला करा, असे, आणि ही मागची फळी सरकवा. जिना. अरुंद आहे, तिरके होऊन चढा, डोकं सांभाळा. वर जाऊन मोजा, काय मोजायचं ते. लांबी, रुंदी, खिडकी, कोयंडा, सगळं लिहा, काही सोडू नका. नीट लिहा. पण आमचंच लिहा. कागदावर शेजारी जिथे धूर आहे, तिथे धूरच राहू द्या. तुमचा चितारी मनोऱ्यावरून बघून धूर काढतो, तर तुम्हाला खाली बसून एका घाबरट पोरीच्या तोंडून त्याहून जास्त दिसायचं कारण काय? आणि मुक्कामी पाठवायचाच असेल तर — नाही, तेही नाही मागत. जो येईल तो येईल.

कोतवाली याच रस्त्याला ना, सरळ? विहिरीपलीकडे मी अजून गेलेले नाही. सरळ रस्त्यांचा एवढा तरी फायदा, चुकायला नको. चपला कुठे गेल्या — असू दे. मेणबत्तीवाल्या आजी, अहो आजी! मोजणीदार आत आहेत, मी जाऊन येते, हो, एकटीच, हो, धावत! — तुमचं झालं की दार ओढून घ्या. आणि आत्ता तोंड उघडू नका, मोजणीदार. इतका वेळ नाही बोललात, आता हो म्हणालात किंवा नाही म्हणालात तर ते ऐकायला मला थांबावं लागेल, आणि मला वेळ नाही. सरका. सरका म्हणते ना दारातून!